कोपऱ्यापासून पायरीपर्यंत

२६ सप्टेंबर ५४, रवि.
काल मिरजेला जाऊन आलो. सौ.चा उजवा कान गेल्यात जमा आहे हे ठाऊक होतं. डावाही चाललाय हे ठाऊक नव्हतं. डॉ. म्हणाले, नस सुकत जाते, औषध नाही. वर्षभर म्हणा, कदाचित कमीच. मी विचारलं, काळजी काय घ्यायची? "मोठे आवाज टाळा, कानाला त्रास नको." सगळं मला सांगत होते. सौ. शेजारी बसून खिडकीतून बाहेर बघत होती, जणू दुसऱ्या कुणाच्या कानाचं चाललंय.

परतताना गाडीत तिनं डबा उघडला. दशम्या. म्हणाली, "खावा की. उपाशी राहून माझा कान बरा हुतोय व्हय?" मी खाल्ल्या नाहीत. तोंड फिरवून बसलो. पहाटे उठून केल्या होत्या तिनं. खायला हव्या होत्या.

२८ सप्टेंबर, मंगळ.
शाळेत लक्ष नाही. आठवी ब ला कृष्णेच्या उपनद्या विचारल्या, एकानं नर्मदा सांगितली, तरी ओरडलो नाही. मुलं घाबरली.

"मोठे आवाज टाळा." बसून विचार केला की आपल्या घरात आवाज कशाकशाचा होतो. दाराच्या कडीला चिंध्या गुंडाळल्या. भिंतीवरच्या घड्याळाच्या ठोक्यांची चावी देणं बंद. खलबत्ता फळीवर, वर. कुटायचं काही असलं तर शेजारी कुटून आणायचं. भांडी घासताना आपटायची नाहीत अशी मोलकरणीला ताकीद. ती म्हणाली, "मग घासू कशी?" तरी ताकीद कायम ठेवली.

सौ. बघत होती. 

३० सप्टेंबर, गुरु.
दस्तगीरभाईंकडं गेलो. भिंतीला भिंत, त्यांचं शिवणकाम दिवसभर चालतं. वीस वर्षं ते मशीन आमच्या माजघरात ऐकू येतंय. सौ.चं सगळं सांगितलं. ऐकून त्यांनी मशीनवरचा पाय काढला. मग म्हणाले, "मशीन म्हंजे माझं पोट हाय मास्तर. पण वैनीसाठी म्हणतायसा तर दुपारी तीन ते पाच बंद. त्या वेळात हातानं काजं करतो." भला माणूस. मी आभार मानले नाहीत, नुसती मान हलवली. ही माझी खोड.

नवरात्र चालू आहे. सौ. देवीला जाते म्हणाली. नगारा, घंटा, ती गर्दी. नको म्हणालो. डॉक्टरांचं नाव सांगितलं. पदर खोचून पुन्हा आत गेली.

२ ऑक्टो., शनि.
पाऊस उघडला. दरसाल उघडला की माळ्यावरून पायताण काढतो. पायताणं करणाऱ्या मारुतीच्या हातचं, सहा वर्षांपूर्वीचं. मुद्दाम करकर घालून घेतलेलं, आधीच्या जोडांसारखंच. हा माझा एकुलता एक शौक. गल्लीच्या कोपऱ्यावर वळलो की अख्ख्या गल्लीला कळतं मास्तर आले. वर्गात शिरायच्या आधी चार दारांवरून शांतता पसरते.

या वर्षी काढलं नाही. कॅनव्हासचे बूट आणले. मांजरासारखा चालतो आता. सौ.साठी एवढं तर करायलाच हवं. मनातून फार बरं वाटलं, स्वतःबद्दलच.

९ ऑक्टो., शनि.
चहा उशिरा. आठ दिवस हेच चाललंय. शाळेतून येतो, मागं जाऊन उभा राहतो, तर ती दचकते. "कधी आलासा?" मग चुलीकडं धावते. आज म्हणालो, पूर्वी मी आलो की चहा तयार असायचा. तिनं माझ्या तोंडाकडं पाहिलं, मग पायांकडं पाहिलं, आणि आधण ठेवलं.

घर मात्र इतकं शांत झालंय की पाल चुकचुकली तरी ऐकू येते. डॉ. खूश होतील.

१३ ऑक्टो., बुध.
संध्याकाळी घरी आलो तर सौ. नाही. वाट बघून शोधायला निघालो. सापडली दूधकट्ट्यावर. म्हशी उभ्या, गिऱ्हाईकं पेले घेऊन उभी, गवळी समोर धार काढून देतोय, आणि ही बाजूला पितळी तांब्या घेऊन डोळे मिटून. मी हाक मारली. डोळे न उघडता म्हणाली, "थांबा. भरू द्या." रिकाम्या तांब्यात पहिली धार वाजते, मग तांब्या भरत जातो तसा आवाज बदलतो. ते ऐकत होती. गवळीसुद्धा सावकाश पिळत होता.

चार ओळखीची माणसं बघत होती. मला लाज वाटली. रस्ताभर तिला बोललो. एवढ्या गोंगाटात, डॉक्टरांनी सांगितलेलं असताना. ती तांब्या सांभाळत चालत राहिली.

१५ ऑक्टो., शुक्र.
शिक्षकांच्या खोलीत आज कुणीतरी म्हणालं, मास्तर, तुमच्या मंडळी सकाळी तालमीच्या भिंतीपाशी उभ्या होत्या. हसले सगळे. विचारलं, काय करत होती? "शड्डू ऐकत होत्या. आत पैलवान मांड्या ठोकत होते, या बाहेर."

घरी येऊन विचारलं. "व्हय," म्हणाली. एवढंच.

१६ ऑक्टो., शनि.
आज झालं ते जसं झालं तसं लिहून ठेवतो.

कडीवरच्या चिंध्या काढत होती. मी म्हणालो, राहू दे. तिनं चिंध्या काढल्या, कडी उचलली आणि मुद्दाम दारावर आपटली. एकदा, दोनदा, तीनदा. मग माझ्याकडं वळली.

"डॉक्टर मोठ्या आवाजाचं म्हणालाय. सगळ्या आवाजाचं न्हाय. उन्हाळ्यात मी चटणी करते, शेणी रचते, लाकडं भरते. कशाला? पुढं मिळत न्हाय म्हणून. आता माझं आवाज भरून ठेवायचं दिवस हाईत आणि तुम्ही घर बंद करून बसलायसा. बहिरी व्हायची हाय ती मी पुढच्या साली. तुम्ही औंदाच केलासा मला."

मी शिकवतो भूगोल. पावसाच्या आधी काय काय साठवायचं हे माझ्या बायकोला माझ्यापेक्षा जास्त कळतं. तिचा हा विचार एकदाही माझ्या डोक्यात आला नाही. नवरात्र गेलं. देवीचा नगारा तिनं या वर्षी ऐकला नाही, माझ्यामुळं. पुढच्या नवरात्रात ऐकू येईल की नाही कोण जाणे. हे मला कायम बोचणार.

क्षमा मागायची होती. "चहा कर" म्हणालो.

१७ ऑक्टो., रवि.
सकाळी उठून घड्याळाला ठोक्यांची चावी दिली. आठला आठ टोले पडले, सौ. स्वयंपाकघरातून बाहेर येऊन मोजत उभी. खलबत्ता खाली काढला. मोलकरणीला ताकीद मागं घेतल्याचं सांगितलं. तिनं लगेच परात आपटून दाखवली.

दस्तगीरभाईंना सांगितलं, मशीन चालवा, दुपारीही. ते बघतच राहिले. कारण सांगितलं. "असं व्हय," म्हणाले, "मग आज रविवार हाय, दुकान बंद हाय, पण चालवतो की." आणि बसले. कापड नव्हतं, नुसतीच एक पट्टी घेऊन टीप मारत राहिले. सौ. भिंतीला टेकून घेवडा निवडत होती. तासभर. आज मात्र मी जाऊन आभार मानले, शब्दांनी. दस्तगीरभाई लाजले. मीही.

२० ऑक्टो., बुध.
दिवाळीची सुट्टी लागली. तिला विचारलं, काय काय भरून ठेवलंस? बोटं मोजत सांगितलं. दुधाची धार. शड्डू. दस्तगीरभाईंचं मशीन. गिरणीचा भोंगा. टांग्याच्या घोड्याच्या टापा, चढावर वेगळ्या, उतारावर वेगळ्या. आपल्या शालूचं हसणं (शालू आमची लेक, गारगोटीला दिलीय. दिवाळीला येणार). तिच्या माहेरचा, शाहूवाडीकडचा भाताच्या झोडपणीचा आवाज, तो आधीपासूनच आत आहे म्हणे.

मी थांबलो. माझं नाव आलं नाही. शेवटी विचारलं, आणि माझं बोलणं?

"तुमचं काय साठवू? मीठ कमी हाय. चहा गार हाय. टॉवेल कुठाय. हे सगळं पाठ हाय मला, न ऐकता ऐकू येतंय."

ती हसली. मला हसू आलं नाही. सत्तावीस वर्षं संसार केला आणि बायकोनं भरून ठेवावं असं एक वाक्य मी बोललो नाही.

ठरवलं: रोज एक तरी वाक्य. ऐकण्यासारखं. डाव्या कानाशी.

२१ ऑक्टो., गुरु.
पहिलं वाक्य. जेवताना, घसा साफ करून: "आमटी चांगली झालीय." सौ.नं पळी खाली ठेवली आणि माझ्या कपाळाला हात लावला. "ताप तर न्हाय," म्हणाली.

२४ ऑक्टो., रवि.
वाटलं त्यापेक्षा अवघड आहे. आज सुचलंच नाही. सुचलं ते आमटीबरोबर गिळलं.

आमच्या घरात कुणी कुणाला चांगलं म्हणत नसे. नजर लागते. मी मॅट्रिक पास झालो तेव्हा वडिलांनी निकाल पाहिला, कागद घडी घालून परत दिला आणि गोठ्यात गेले. मी दाराआड उभा होतो. बैलाच्या पाठीवरून हात फिरवत त्याला म्हणाले, "आपला पोरगा पास झाला बरं का. हुशार निघाला." बैलाला सांगितलं, मला नाही. मी दाराआड रडलो होतो. आनंदानंच, पण दाराआड. आणि पुढं मीही तसाच झालो. आमच्या घरी बैलही नाही, त्यामुळं कुणालाच सांगितलं नाही.

संध्याकाळी ही गोष्ट सौ.ला सांगितली. ती म्हणाली, "मग मला बैल समजा आणि बोला." बोललो. काय ते इथं लिहीत नाही. तिनं ऐकलं.

२८ ऑक्टो., गुरु.
भाऊबीज. शालू कालच आलीय. घरात आवाजच आवाज. सौ.चं तोंड उजळलंय.

दुपारी शालू माझ्याजवळ येऊन बसली. "आबा, तुमचं पायताण कुठं गेलं?" माळ्यावर आहे म्हणालो. का? तर आईच्या कानाला त्रास नको म्हणून. तिनं कपाळावर हात मारला. म्हणाली, "कोपऱ्यावर तुमचं पायताण वाजलं की आई आधण ठेवायची. मी त्या आवाजावर पुस्तक उघडून बसायचे. तुम्ही दारात येईपर्यंत चहाला उकळी आणि माझा पहिला धडा." म्हणून चहा तयार असायचा. सत्तावीस वर्षं. मला वाटायचं, चहा आपोआप होतो.

"आई काल म्हणाली, सगळं ऐकून घेतलं, ते एकच राहिलं."

मग मला सांगितलं का नाही तिनं?

"म्हणाली, त्यांचा एवढाच शौक, तो माझ्या कानासाठी त्यांनी माळ्यावर टाकला. आता कुठल्या तोंडानं सांगू?"

 किती शहाणी माणसं आमच्या घरात राहतात आणि मी त्यांना टॉवेल मागतो.

२९ ऑक्टो., शुक्र.
माळ्यावर चढलो. पायताण काढलं. उंदरांनी अंगठा आणि एक पट्टा कुरतडून ठेवलाय. तळ फुगलाय. चालून पाहिलं, आवाज नाही. चिखलात चालल्यासारखं नुसतं फदफद.

३० ऑक्टो., शनि.
मारुतीकडं. त्यानं पायताण उलटंसुलटं केलं, बाजूला टाकलं. "संपलं हे." मग नवं कर म्हणालो, पण आवाज जोरात पाहिजे. पूर्वीपेक्षा जोरात.

"मास्तर, बाकीची गिऱ्हाईकं करकर काढून टाका म्हणत्यात, बायका ओरडत्यात म्हणं. आणि तुमास्नी वाढवून पाहिजे? किती लांब जायला पाहिजे आवाज?"

"एकशे चाळीस पावलं." मोजून ठेवलंय मी. गल्लीचा कोपरा ते आमचं दार एकशे चाळीस. पाण्याचा हौद ते दार ऐंशी. हौदाच्या पुढं दस्तगीरभाईंचं दुकान, तिथून पाच पावलं की पायरी.

मारुती हसला खूप. मग मी कारण सांगितलं. हसायचा थांबला. कातडं हातात घेऊन बोटानं चोळत बसला. "तळाच्या पदरांत काय घालायचं ते माझं मला ठाऊक हाय," म्हणाला. "महिना लागंल. घाई करू नका. कातडं मुरलं पाहिजे, तवा बोलतंय."

१५ नोव्हें., सोम.
शाळा सुरू. रोज एक वाक्य चालू आहे. आता ती सवय इतरांनाही लागू पडतेय, हे मी ठरवलेलं नव्हतं. गणू शिपायाला म्हणालो, गणू, तुझी घंटा कधी एक मिनिट मागंपुढं होत नाही. तो घाबरून हेडमास्तरांकडं गेला, माझी बदली करताय काय विचारायला. हेडमास्तरांनी मला बोलावलं. सांगितलं, खरंच चांगली वाजवतो म्हणून म्हणालो. त्यांनी खुर्ची पुढं केली. म्हणाले, "तब्येत बरी आहे ना?"

आठवी ब मधल्या त्याच नर्मदावाल्या मुलानं आज कृष्णेच्या सगळ्या उपनद्या सांगितल्या, क्रमानं. शाबास म्हणालो. वर्गात चुळबूळ झाली. मला स्वतःलाच फार बरं वाटलं. हा फायदा वडिलांना कुणी सांगितला नव्हता.

२९ नोव्हें., सोम.
मारुतीनं पायताण दिलं. जोडा हातात घेऊन आधी कपाळाला लावला आणि मग दिला. म्हणाला, "वैनींना सांगा, मारुतीनं केलंय."

महाद्वार रोडवरून चालत आलो. लोक वळून बघत होते. कर्रर्र कर्रर्र. मी मुद्दाम टाच दाबत होतो. कोपऱ्यावर थांबलो.  मग वळलो आणि एकशे चाळीस पावलं चाललो. दस्तगीरभाई दुकानातून बाहेर आले, कपाळावर हात ठेवून हसत उभे.

पायरीवर पायताण काढलं. आत गेलो. आधण उकळत होतं. सौ. चुलीपुढं, पाठ माझ्याकडं. साखर घालत होती. वळली नाही. म्हणाली, "कोपऱ्यापासून ऐकलं."

मी तिथंच पाटावर बसलो. डाव्या कानाशी म्हणालो, इतकी वर्षं तू आधण ठेवलंस आणि मी चहा गार म्हणालो. तिनं पदरानं डोळे पुसले. म्हणाली, "धूर झालाय." धूर नव्हता.

चहा तयार. कोपरा.

१ डिसें., बुध.
चहा तयार. कोपरा.

४ डिसें., शनि.
शाळा अर्धी, दीडला आलो. तरी चहा तयार. कोपरा. म्हणजे खरंच ऐकते.

१४ डिसें., मंगळ.
चहाला किंचित उशीर. "हौदापासून ऐकलं," म्हणाली. वारा उलटा होता आज.

१६ डिसें., गुरु.
हौद. वारा नव्हता.

२५ डिसें., शनि.
सुट्टी. सौ.ला घेऊन देवीला गेलो. सकाळची घंटा, नगारा, सगळं. खांबापाशी उभी राहिली, मी गर्दी अडवत पुढं. मिटल्या डोळ्यांनी अर्धा तास. निघताना म्हणाली, "नवरात्राचं भरून निघालं." निघालं नसेल. पण तिनं म्हटलं. हे कर्ज मी मनात ठेवणार.

१४ जाने. ५५, शुक्र.
संक्रांत. दस्तगीरभाई तिळगूळ घ्यायला आले, घेताना सौ.च्या कानाशी वाकून मोठ्यानं म्हणाले, "वैनी, गोड बोला." ती म्हणाली, "ओरडू नका, तुमचं मशीन जास्त गोड बोलतंय."

मला म्हणाली, सालभराचं गोड आजच बोलून घ्या, पुढच्या संक्रांतीला काय माहीत. तीन वाक्यं बोललो, एका दमात. तिसऱ्याला ती लाजली. पन्नाशीला आलेली बाई लाजते हे मला आजवर ठाऊक नव्हतं, कारण मी कधी कारणच दिलं नव्हतं.

चहा तयार. हौद.

२१ जाने., शुक्र.
चहा नव्हता. आत जाऊन उभा राहिलो, दचकली. "पायरीवर वाजलं तेवढं ऐकलं."

२४ जाने., सोम.
पायरी.

२६ जाने., बुध.
पायरी. सुट्टी होती, मुद्दाम कोपऱ्यापर्यंत जाऊन आलो. टाच आपटत. दस्तगीरभाईंनी पाहिलं, हसले नाहीत.

२७ जाने., गुरु.
चहा नाही. मी आलेलं कळलंच नाही तिला. मी जेवलो नाही, बोललो नाही. पुन्हा मिरजेच्या गाडीतल्यासारखा तोंड फिरवून बसलो. वाक्यही राहिलं. सौ. समोर येऊन बसली. म्हणाली, "तुमचं तोंड असं झालं की मला आणखी कमी ऐकू येतंय." मी म्हणालो, मला भीती वाटते. पहिल्यांदाच म्हणालो. ती म्हणाली, "मला बी वाटती की." आणि माझा हात धरला. बसलो तसेच.

२८ जाने., शुक्र.
चहा तयार. विचारलं, कुठून? "हौदापासून."

हौदापासून. पायरीवरून पुन्हा हौदावर.

३१ जाने., सोम.
हौद.

१ फेब्रु., मंगळ.
हौद. पेढे आणले. दस्तगीरभाईंना दिले, मारुतीला दिले, गणूला दिले. मारुती म्हणाला, "बघा, कातडं मुरलं." सौ.नं अर्धा पेढा खाल्ला, अर्धा मला भरवला. इतकी आनंदी कधी पाहिली नव्हती तिला. मला आनंदी बघून, म्हणाली.

मिरजेच्या डॉ.ना पत्र टाकलं. सुधारणा आहे, पावलांच्या हिशेबासकट.

१४ फेब्रु., सोम.
हौद. रोजच हौद. आता विचारतो ते नुसतं ऐकायला बरं वाटतं म्हणून.

डॉ.चं उत्तर आलं. लिहितात, असं सहसा होत नाही. पण मार्चमध्ये घेऊन या, पाहू. सहसा होत नाही म्हणजे कधी तरी होतं. तीनदा वाचलं पत्र.

२२ फेब्रु., मंगळ.
हौद. आजचं वाक्य: तू नसतीस तर मी फक्त भूगोल झालो असतो. तिला कळलं नाही म्हणाली, पण आवडलं.

४ मार्च, शुक्र.
शाळेतून निघालो आणि पायताणाचा अंगठा तुटला. मारुतीकडं टाकलं, उद्या देतो म्हणाला. तिथून घरापर्यंत अनवाणी. ऊन तापलं होतं, सावली धरून आलो. कोपरा, हौद, दस्तगीरभाईंचं दुकान. ते शिवत होते, मान वर केली नाही.

आत गेलो. चहा तयार. कपात ओतून पुढ्यात ठेवला. सवयीनं डाव्या कानाशी वाकलो आणि विचारलं, कुठून?

"हौदापासून," म्हणाली.

माझ्याकडं बघत होती, माझ्या तोंडाकडं, मी खूश होतोय का ते. मी खूश झालो. खरंच झालो. पाय पाटाखाली ओढून घेतले.

कधीपासून, ते विचारलं नाही. विचारणारही नाही.

चहा चांगला झाला होता, तसं सांगितलं. ऐकलं की ओठांवरून ओळखलं, कळलं नाही. हसली मात्र. उद्या मिरजेला जायचं आहे. म्हणालो, दशम्या कर. या वेळी खाईन.